कधीच न नाचलेला वाघ

अलकाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या बाजारात अळूची पानं निवडत होते. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये त्या म्हणाल्या होत्या, "उद्या येताना फदफदं आण. आणि चिंच जरा सढळ हातानं घाल, तू नेहमी कमी घालतेस." डॉक्टरांनी खाण्यापिण्याची सगळी पथ्यं काढून टाकली होती, आणि पथ्यं काढून टाकण्याचा अर्थ त्यांनाही कळत होता, आम्हालाही. मग विवेकचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाला... मी अळू घेतलं. का घेतलं ते आजही सांगता यायचं नाही. सगळं आटोपून दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी ते केलं, चिंच सढळ घातली, आणि आम्ही दोघांनी खाल्लं.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. अलकाताई म्हणजे विवेकची थोरली बहीण, माझी नणंद. मूळच्या सावंतवाडीच्या. पुण्याला शिकायला आल्या, कॉलेज करता करता हौस म्हणून स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागल्या, आणि त्या हौसेनं त्यांना थेट मेक्सिकोला नेलं. शिष्यवृत्ती मिळाली होती. त्या काळी आमच्या सासरच्या बायका कोल्हापूरलासुद्धा सोबत असल्याशिवाय जात नसत. तिथून परतल्यावर त्यांना सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत नोकरी लागली. दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांशी स्पॅनिशमध्ये पत्रव्यवहार करायचा, आणि पत्रांनी काम झालं नाही की फोनवर भांडायचं. भांडणात त्या फार तरबेज होत्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळेवर आठवलं नाही." तोआ पायोहमधला जुन्या इमारतीतला फ्लॅट त्यांनी स्वतः घेतला, आणि त्याच्या भिंती मुखवट्यांनी भरून टाकल्या.

विवेकला इथे नोकरी लागली तेव्हा आमचं घर मिळेपर्यंत आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. मी दार उघडून आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थबकले. बैठकीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात दोन्ही बाजूंनी चेहरेच चेहरे. खऱ्या शिंगांची हरणं, जीभ बाहेर काढलेले सैतान, बोळकं पसरून हसणारे म्हातारे. गुलाबी गालांचे, काचेच्या डोळ्यांचे गोरे साहेब, ज्यांच्या हनुवटीखालची दोरी ओढली की पापण्या मिटायच्या. मेक्सिकोच्या खेड्यांतून सणावारी, जत्रेला जे नाच होतात, त्यांत घातलेले हे जुने लाकडी मुखवटे. ताईंचा एकच नियम होता. शोभेचा नको. दुकानासाठी केलेला नको. जो एखाद्या माणसानं तोंडावर बांधून अंगणात नाचवलाय, तोच घ्यायचा.

आमची अदिती तेव्हा चार वर्षांची होती. बोळातून न्हाणीघरात जायला ती साफ नकार द्यायची, कारण जेवणाच्या टेबलासमोर, बोळाच्या तोंडाशीच एक वाघ होता. म्हणजे खरं तर तिकडचा जग्वार, पण तिथले लोकही त्याला वाघच म्हणतात. पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, डोळ्यांच्या जागी आरशाचे तुकडे, मिशांना रानडुकराचे राठ केस. समोर कुणीही हललं की आरशात काहीतरी चमकायचं आणि ही किंचाळायची. मी ताईंना भीत भीत म्हटलं, तेवढा एक काही दिवस काढून ठेवता का? त्यांनी काढला, पण ठेवला नाही. अदितीला मांडीवर घेतलं, वाघ तिच्यासमोर पालथा धरला आणि त्याची आतली बाजू दाखवली. आत नुसतं कोरलेलं, काळपट लाकूड. "हे बघ, इथे नाक जातं. इथे कपाळ टेकतं. हा काळेपणा दिसतोय ना, तो एका आजोबांचा घाम आहे. ते पाऊस पडावा म्हणून नाचायचे. वाघ नाहीच हा. आत आजोबा आहेत." अदितीनं त्या काळेपणावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला... आणि दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात जाता येता ती वाघाला 'आजोबा' म्हणायला लागली.

तो वाघ ताईंचा पहिला मुखवटा. विद्यार्थिनी असताना मैत्रिणींबरोबर डोंगरातल्या एका गावी आठवडी बाजाराला गेल्या होत्या, तिथे एका तरुण पोरानं गोणपाटातून काढून दाखवला. आपल्या आजोबांचा आहे, ते नाचायचे, ते गेल्यापासून स्वयंपाकघरात धुरात टांगलेला होता, असं त्यानं सांगितलं. ताईंनी तो घेतला आणि परतीच्या सबंध प्रवासात बसमध्ये मांडीवर धरून बसल्या. पुढचे सगळे मुखवटे त्या वाघाच्या मागून आले. काही सुट्टी काढून मेक्सिकोला जाऊन आणलेले, काही लिलावातून, काही इथून बदली होऊन जाणाऱ्या परदेशी लोकांकडून. मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुमच्या सावंतवाडीला दशावतार आहे, लाकडाचं काम आहे, मग आपल्याकडचे मुखवटे का नाही जमवलेत? त्या म्हणाल्या, "आमच्या देवळासमोर गणपतीचा मुखवटा घालून कोण नाचायचा ते मला ठाऊक होतं. आमच्या शेजारचा शिंपी. मुखवटा बघितला की मला तोच दिसायचा. ते कसं गं गोळा करणार? माणूसच घरी आणल्यासारखं झालं असतं." इथल्या या भिंतींवरच्या मुखवट्यांत कोण होतं ते त्यांना माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असं मात्र त्यांना सारखं वाटायचं. मुखवटा हातात आला की त्या तो आधी उलटा करायच्या. दोरीची भोकं ताणून लांबट झालीत का, कपाळ नि नाक टेकतं तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय का, श्वासानं ओठांची आतली कड काळवंडलीय का. चेहऱ्याकडे त्या सगळ्यात शेवटी बघायच्या.

त्या निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी इथल्या एका छोट्या कलादालनानं त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ताईंना आनंद झाला होता, जरी त्या तो दाखवत नव्हत्या. तयारीसाठी त्यांनी पहिल्यांदाच सगळे मुखवटे एकदम भिंतीवरून उतरवले. एका सकाळी मला फोन आला. "सुनीता, आज येऊन जातेस? घाई नाही. पण आज ये." मी गेले. जेवणाच्या टेबलावर जुनी सुती साडी अंथरलेली, तिच्यावर मुखवटे ओळीनं पालथे मांडलेले, आणि ताई समोर खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मला म्हणाल्या, बघ, यात वेगळा कुठला वाटतो? मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी दिसलं. बाकी सगळ्यांच्या आत डाग ठिकठिकाणी होते, जिथे हाड लागतं तिथे गडद, बाकी फिके. एकाच मुखवट्याचा आतला काळेपणा सगळीकडे सारखा होता, भिंतीला रंग द्यावा तसा. दोरीची भोकं अजून गोल होती.

"हा कधी नाचलेलाच नाही," ताई म्हणाल्या. "तेल आणि काजळी चोळलीय. मी हा इतकी वर्षं पाठीमागून नीट पाहिलाच नाही. गरज वाटली नाही. याच्याबद्दल मला सगळं माहीत होतं ना..."

तो वाघ होता.

त्यानंतरचे काही आठवडे त्यांचं काहीतरी बिनसलं. वाघ कपाटात गेला. जेवणाच्या टेबलावरची आपली खुर्ची त्यांनी फिरवून घेतली, त्या मोकळ्या खिळ्याकडे पाठ येईल अशी. बाकीचे मुखवटे पुन्हा पुन्हा तपासत बसायच्या. "मी सगळे या एकावर पारखले," असं मला म्हणाल्या, "आता माझ्या पारखेचं काय?" त्यांतले आणखी दोन-तीन त्यांनी शंका आली म्हणून बाजूला काढले. मी समजूत घालायला गेले की सुंदर तर आहे ना, मग झालं. तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वाक्य अर्धवट सोडलं. कलादालन चालवणारी बाई मनानं चांगली होती. तिनं सुचवलं की तेवढा एक लावू नका, कुणाला काही कळणार नाही. ताईंनी तिला शांतपणे सांगितलं की मला कळलेलं आहे, आणि प्रदर्शन पुढे ढकलायला लावलं. मग त्या फोनला बसल्या. जहाज कंपनीत सबंध आयुष्य ज्या चिकाटीनं त्यांनी परक्या बंदरांवर माणसं गाठली, त्याच चिकाटीनं त्या डोंगरातल्या गावातला तो वाघ विकणारा पोरगा शोधायला लागल्या. गावाचं नाव लक्षात होतं. तिथल्या चर्चचे पाद्री, मग पाद्रींनी दिलेला कुणीतरी मास्तर, मग मास्तरांची भाची... शेवटी माणूस सापडला. एलादियो त्याचं नाव. आता म्हातारा झालेला, कुएर्नावाका शहरात मुलीकडे राहायला आलेला.

ताईंनी एकटीनं इतका लांबचा प्रवास करू नये असं विवेकचं म्हणणं पडलं, आणि त्याला रजा नव्हती, म्हणून मी गेले. मेक्सिकोचं मला फार काही आठवत नाही. झोपेचं खोबरं झालेलं होतं. एवढं आठवतं की वाघ सुती साडीत गुंडाळून ताईंनी हातातल्या पिशवीत घेतला होता आणि विमानात पिशवी वर ठेवायला त्या तयार नव्हत्या. एलादियोच्या मुलीचं घर लहानसं, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि कपडे वाळत घातलेले. तो ताईंच्याच वयाचा. आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, कसलंसं जास्वंदीचं थंड सरबत दिलं, आणि ताईंनी साडी सोडून वाघ त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं चेहरा पाहिला नाही. वाघाच्या कानामागे अंगठा घातला, तिथे काहीतरी चाचपलं, आणि ओळख पटल्यासारखी मान हलवली.

सुरुवातीला ताई मला एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या. त्यांनी त्याला सरळच विचारलं की हा तुझ्या आजोबांचा की तुझा? त्याची मुलगी दारात येऊन उभी राहिली. मग तो बोलायला लागला आणि ताई भाषांतर करायच्या थांबल्या. मी नुसती दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. मला आधी वाटलं आता भांडण होणार. झालं नाही. ताई मध्येच एकदा हसल्या, नंतर पदरानं डोळे टिपले. पदर कसला, त्या ओढणी घ्यायच्या... पण हालचाल तीच. तो काय म्हणाला ते त्यांनी मला परतताना टॅक्सीत सांगितलं.

तो म्हणाला होता, "मी तेव्हा कोवळा होतो, बाई. माझ्या हातचा आहे म्हटलं की लोक पुढे जायचे. आजोबांचा आहे म्हटलं की थांबायचे. माझे आजोबा कधी नाचले नाहीत. त्यांचा पाय अधू होता." मग त्यानं विचारलं होतं की कीड तर लागली नाही ना? हे लाकूड हलकं असतं, किडीला आवडतं. ताईंनी लाकडाचं नाव विचारलं, त्यानं झाडाचं वर्णन केलं. लाल फुलं, काटे, फुलं येतात तेव्हा पान नसतं. "अगं, पांगारा!" ताई मला टॅक्सीत सांगत होत्या. "आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ. आमच्याकडे कुंपणाला लावतात तो." मग त्यानं विचारलं, हा वाघ राहतो कुठे? ताईंनी सांगितलं, सिंगापूर नावाचं बेट आहे, तिथे, माझ्या जेवणाच्या टेबलासमोर. त्यावर त्यानं विचारलं, तिथून त्याला काय दिसतं? आणि ताईंनी त्याला सगळं सांगितलं. दार उघडं असलं की बाहेरचा सामाईक व्हरांडा दिसतो, शेजारच्या आजींच्या कुंड्या, पोरांच्या सायकली, समोरच्या इमारतीत काठ्यांवर वाळणारे कपडे, आणि पाऊस आला की ते कपडे ओढून घेणारे हात. एलादियो हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता. पोटच्या पोराची खुशाली ऐकावी तसं.

ताईंनी वाघ परत देऊ केला. त्यानं घेतला नाही. तिथे त्याचं घर झालंय आता, म्हणाला. मग ताईंनी विचारलं की प्रदर्शनात त्याच्याखाली तुझं नाव लावलं तर चालेल का? आता नाव लावून काय करायचंय, असं म्हणून त्यानं हात झटकला. पण आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला आणि ताईंना हळूच काहीतरी म्हणाला. ते मात्र ताईंनी मला तिथल्या तिथे सांगितलं.

"म्हणतोय, आडनावासकट लाव."

प्रदर्शन झालं. मधोमध वाघ होता आणि त्याच्याखाली एलादियोचं पूर्ण नाव, त्याच्या गावाचं नाव, आणि खाली एक ओळ: 'विकण्यासाठी कोरलेला. नाचलेला नाही.' बाकीच्या एकाही मुखवट्याखाली करणाऱ्याचं नाव नव्हतं, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं. लोक येत आणि हटकून वाघासमोर उभे राहत. ताई प्रत्येकाला सगळी हकीकत सांगत, आपण कसे फसलो त्यासकट. मी दूर उभी राहून ऐकायचे. कपाट उघडून वाघ बाहेर काढल्यापासून त्यांच्या आवाजातलं ते आठवड्यांचं मळभ गेलेलं होतं. एका संध्याकाळी अदिती कॉलेजातून तिथे आली. ताई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी तुला लहानपणी खोटं सांगितलं गं. तो आजोबांचा घाम नव्हता." अदिती आमची इथेच वाढलेली, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडणारी. म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आत्या. भीती तर गेली ना." ताई तिच्या खांद्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. त्या पाटीचा फोटो आम्ही एलादियोच्या मुलीला पाठवला. तिचं उत्तर आलं की बाबांनी फोटो बोटांनी मोठा करून करून आपलं नाव वाचलं, आणि मग शेजाऱ्यांकडे घेऊन गेले.

गेल्या वर्षी ताईंना आजार कळला तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते मुखवट्यांचं. नाचलेले सगळे मेक्सिकोतल्याच एका लोककला संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. आम्ही रविवारी रविवारी जाऊन खोकी भरायचो. प्रत्येक मुखवटा गुंडाळण्याआधी त्या दोन्ही हातांत धरायच्या, त्याच्याशी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलायच्या. आम्ही तिकडे लक्ष नसल्यासारखं करायचो. वाघ त्यांनी अदितीला दिला. तो आता तिच्या क्लेमेंटीच्या भाड्याच्या खोलीत असतो. मुखवटे गेल्यावर त्या भिंती फार मोठ्या वाटायला लागल्या. मी म्हटलं, एखादं चित्र आणूया का? नको म्हणाल्या, जरा भिंती बघू देत, इतक्या वर्षांत दिसल्या नव्हत्या.

त्या गेल्यावर फ्लॅट रिकामा करायचं काम आमच्यावर आलं. फार काही उरलं नव्हतं. मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं, फ्रीजर उघडला. बांगडे होते, खवलेलं खोबरं होतं, आणि सगळ्यात खाली जाड प्लास्टिकमध्ये चिकटपट्टीनं घट्ट बंद केलेलं काहीतरी, पपईएवढं. मला आधी मोठा मासा वाटला. बर्फ पुसला तर आतून एक म्हातारा माझ्याकडे बघून हसत होता. लहानसा मुखवटा, खालच्या जबड्यात एकच दात.

मी विवेकला हाक मारली. त्याला कळायला वेळ लागला नाही. नवा मुखवटा घरात आला की ताई त्याला भिंतीवर आधी कधीच लावत नसत. आतली कीड मरावी म्हणून तो आधी गोठवायचा. मग बाहेर काढून, पिशवी न उघडता, वरचं पाणी सुकेपर्यंत थांबायचं, आणि पुन्हा एकदा गोठवायचा. म्हणजे हा नवा होता. मग विवेकला आठवलं. दुसऱ्यांदा हॉस्पिटलातून घरी आणल्यावर ताईंनी त्याला एका काँडोत, म्हणजे महागड्या खासगी इमारतीत, न्यायला लावलं होतं. कुणी परदेशी जोडपं देश सोडून जात होतं, त्यांचं जुनं सामान बघायचंय म्हणाल्या होत्या. खुर्चीबिर्ची घेणार असतील असं त्याला वाटलं. परत येताना त्यांच्या मांडीवर कागदी पिशवी होती, आणि त्यानं काही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगून झालं होतं तेव्हा. भिंती रिकाम्या करायचं काम अर्ध्यावर आलं होतं.

विवेक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. "सगळं वाटून टाकत होती," तो म्हणाला, "आणि हा घेतला..." मी फ्रीजरचं दार लावून घेतलं.

म्हातारा आता आमच्याकडे आहे. थंड पिशवीत घालून मी त्याला टॅक्सीतून टॅम्पिनीसला आणलं. मला नेमकं माहीत नव्हतं की ताईंचं हे गोठवणं पहिलं होतं की दुसरं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून केलं. गोठवलं, बाहेर काढलं, पाणी सुकेपर्यंत त्याच्याजवळून हलले नाही, परत गोठवलं. मग पिशवी उघडली. तो नाचलाय की नाही, हे मला सांगता येत नाही. मी उलटा करून पाहिला, डाग आहेत, पण मला त्यातलं कळत नाही, आणि विचारायला आता कुणी नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर तो ठेवलाय. त्याच्या हनुवटीच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी दोन बारीक भोकं आहेत. कीड मेली असेल तर तिथून काही पडायचं नाही. जिवंत असेल तर पिठासारखा भुसा पडतो, पांढरट, आणि तो पांढऱ्यावर दिसत नाही. म्हणून मी त्याच्याखाली काळा कागद ठेवते. रोज सकाळी चहा ठेवला की आधी जाऊन वाकून तो कागद बघते, मग विवेकला उठवते. अजून तरी कागद काळाच आहे.